रक्तपित्तसदृश लक्षणे आणि तीव्र प्रोमायलोसायटिक रक्तकर्करोग : निदानाचा विचार

भाद्रपद-आश्विनात नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आपल्या चिकित्सालयांत ज्वराचे आणि प्लेटलेट उतरलेले रुग्ण रांगेने येतात. हातात लॅबची चिठ्ठी असते आणि नातेवाइकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘डेंगू तर नाही ना?’ बहुतेक वेळा तो डेंगूच असतो, रुग्ण आठ-दहा दिवसांत उठून बसतो आणि आपणही पुढच्या रुग्णाकडे वळतो. प्रस्तुत लेख त्या क्वचित येणाऱ्या रुग्णाविषयी आहे, ज्याची चिठ्ठी वरवर तशीच दिसते, परंतु ज्याच्यासाठी आठ-दहा दिवस थांबणे हाच प्राणघात ठरतो.

काही वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यातील एका खेड्यातून, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील पंचविशीची एक स्त्री आमच्याकडे आली. रजःस्राव बारा दिवस थांबलेला नव्हता, दात घासताना रक्त येत होते आणि मांड्यांवर निळे डाग होते. उसाच्या मोळ्या उचलताना लागले असावे, असे तिचे म्हणणे. ज्वर नव्हता. आम्ही रक्तप्रदर आणि ऊर्ध्वग रक्तपित्त अशी नोंद केली. वासा, लोध्र, दूर्वास्वरस, बोलबद्ध रस अशी योजना केली आणि ‘सवडीने रक्त तपासून घ्या’ असे सांगितले. ती पाचव्या दिवशी परत आली. हिमोग्लोबिन ६.२, पांढऱ्या पेशी १,४००, प्लेटलेट ११,०००. मोठ्या रुग्णालयात दाखल झाल्यानंतर दुसऱ्याच रात्री मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. जनुकीय तपासणीचा अहवाल तिच्यामागे आला. तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगाच्या सर्व प्रकारांत जो बरा होण्याचा संभव सर्वाधिक, नेमका तोच प्रकार तिला होता. ते पाच दिवस आमचे होते, हे आम्ही विसरू शकत नाही, आणि म्हणूनच हा लेख.

या प्रकारास तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, संक्षेपाने एपीएल, म्हणतात. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांत याचे प्रमाण साधारणतः दहा टक्क्यांच्या आसपास मानले जाते. वृद्धांपेक्षा तरुण व मध्यम वयात तो अधिक दिसतो. अस्थिमज्जेत पांढरी पेशी टप्प्याटप्प्याने परिपक्व होते. त्यांतील प्रोमायलोसाइट या टप्प्यावर पेशी अडकून राहतात, पुढे पिकत नाहीत आणि मज्जा भरून टाकतात. परिणामी लाल पेशी, निरोगी पांढऱ्या पेशी व प्लेटलेट तिन्ही घटतात. परंतु एवढ्यानेच हा रोग इतका घातक झाला नसता. या अपक्व पेशींतून रक्त गोठविणारी द्रव्ये रक्तात उतरतात. सर्वत्र सूक्ष्म गुठळ्या होऊन फायब्रिनोजेन व प्लेटलेट खर्ची पडतात, आणि त्याच वेळी गुठळ्या विरघळविणारी यंत्रणाही बेफाम होते. म्हणून प्लेटलेटच्या आकड्यावरून अपेक्षित असावा त्याहून कितीतरी अधिक रक्तस्राव या रुग्णांत दिसतो. मृत्यू येतो तो बहुधा मेंदूतील अथवा फुप्फुसातील रक्तस्रावाने, आणि बहुधा पहिल्या काही दिवसांतच.

नॉर्वेतील हिलेस्टाड या वैद्यकाने १९५७ साली तीन रुग्णांवरून या व्याधीचे स्वतंत्र वर्णन केले. रक्तात प्रोमायलोसाइटचे आधिक्य, तीव्र रक्तस्राव आणि काही आठवड्यांत मृत्यू, असे त्याचे स्वरूप त्यांनी मांडले. १९७६ च्या फ्रेंच-अमेरिकन-ब्रिटिश वर्गीकरणात त्यास ‘एम ३’ ही संज्ञा मिळाली. जुन्या अहवालांत आजही ती आढळते. १९७७ मध्ये शिकागो येथील जॅनेट राउली यांनी पंधराव्या व सतराव्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत अदलाबदल झाल्याचे दाखविले. १९९० च्या सुमारास त्या अदलाबदलीतून काय घडते ते उलगडले : पंधराव्या गुणसूत्रावरील पीएमएल हे जनुक आणि सतराव्यावरील आरएआरए, म्हणजे अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या अम्लाच्या ग्राहकाचे जनुक, ही दोन्ही जोडली जातात. त्यांपासून तयार होणारे जोडप्रथिन पेशीचा परिपाक रोखून धरते. हा दोष जन्मतः मिळालेला नसतो, अपत्याकडेही जात नाही. तो मज्जेतील एका पेशीत आयुष्यात मागाहून घडतो. ‘जनुकीय’ हा शब्द ऐकून सोयरीक मोडणारी माणसे आपल्या भागात आहेत, म्हणून हे नातेवाइकांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

आता निदानाकडे वळू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चौथ्या अध्यायात रक्तपित्ताची गती ऊर्ध्व, अधः आणि उभय अशी सांगून ऊर्ध्वग साध्य, अधोग याप्य व उभयग असाध्य म्हटले आहे. हा भेद येथे अत्यंत उपयोगी आहे. हिरड्यांतूनही रक्त, रजःस्रावही अधिक, त्वचेखालीही डाग, असा एकाहून अधिक मार्गांनी होणारा रक्तस्राव तरुण रुग्णात दिसला, तर ते स्थानिक दुखणे नव्हे. आमच्या रुग्णेत मासिक स्राव आणि हिरड्या या दोन तक्रारी आम्ही दोन वेगळ्या रकान्यांत लिहिल्या, तिसऱ्या डागांना मोळीचे निमित्त दिले, आणि ग्रंथाने दिलेली सूचना समोर असूनही वाचली नाही.

त्याच अध्यायातील दुसरे सूत्र मात्र जपून वापरावे लागते. बलवान व नीट अन्न घेणाऱ्या रुग्णात प्रारंभीच स्तंभन करू नये, असे तेथे सांगितले आहे. या सूत्राची अट बल ही आहे. पांडुता आलेल्या, चालताना धाप लागणाऱ्या रुग्णास ती लागूच पडत नाही. तसेच ऊर्ध्वगात विरेचन व अधोगात वमन ही प्रतिमार्ग शोधने. प्लेटलेट दहा-वीस हजारांवर असताना वमनाच्या वेगाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे पक्के लक्षात ठेवावे. बस्तीने गुदमार्गातून रक्तस्राव ओढवेल. सिरावेध व जलौकावचारण तर सर्वथा निषिद्ध. जळवेच्या लाळेतील हिरुडिन रक्त गोठू देत नाही. मांसपेशीत सुई देऊ नये, अॅस्पिरिन अथवा डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक देऊ नये. अंग दुखते म्हणून कमरेत सुई मागण्याची आपल्याकडे रीतच आहे. अशा रुग्णात त्या सुईच्या जागी तळहाताएवढी गाठ येते. हा नकार रुग्णाला रुचत नाही, तरी द्यावा.

डेंगूपासून भेद कसा करावा? पांढऱ्या पेशी व प्लेटलेट दोन्हींत कमी असू शकतात, म्हणूनच गफलत होते. परंतु डेंगूत प्लाझ्मा वाहिन्यांबाहेर पाझरल्याने रक्त घट्ट होते, हिमॅटोक्रिट वाढते; हिमोग्लोबिन सहसा कमी झालेले नसते. येथे मात्र ते उतरलेले असते, आणि वाहून गेलेल्या रक्ताच्या मानाने अधिक उतरलेले असते. डेंगूत आधी तीव्र ज्वर येतो व प्लेटलेट साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत घसरून पुढे आपोआप चढू लागतात. ज्वराशिवाय रक्तस्राव, अथवा ज्वर उतरून आठवडा झाला तरी न चढणारे प्लेटलेट, या दोहोंपैकी काहीही आढळले तर डेंगूचे लेबल काढून टाकावे. पपईच्या पानांचा रस सुरू आहे, अजून दोन दिवस पाहू, हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी उच्चारले आहे.

यानंतरची पायरी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे, ती म्हणजे काचपट्टीवरील रक्ताचा स्मिअर. तालुक्याच्या ठिकाणी आता सेल काउंटर यंत्रे आहेत. ती पेशी मोजतात, पण साधे यंत्र प्रोमायलोसाइट ओळखत नाही. त्या पेशी ‘मिड’ अथवा मोनोसाइटच्या रकान्यात जाऊन बसू शकतात आणि छापील चिठ्ठी निर्दोष भासते. म्हणून चिठ्ठीवर ‘पॅथॉलॉजिस्टने स्वतः स्मिअर पाहावा’ असे हाताने लिहावे आणि शक्यतो दूरध्वनी करावा. डोळा सरावलेला असेल तर दिसणारे चित्र विसरता येत नाही : जांभळट कणांनी गच्च भरलेल्या मोठ्या पेशी, आणि काहींच्या उदरात सुईसारख्या काड्यांचे जुडगे, जणू सरपणाची मोळी. या काड्यांस आउअर रॉड म्हणतात. याचाच एक सूक्ष्मकणी उपप्रकार असतो. त्यात कण इतके बारीक असतात की दिसतच नाहीत, केंद्रक मधोमध खाचून दोन पाकळ्यांचे होते, आणि पेशी मोनोसाइट समजली जाते. त्यात पांढऱ्या पेशींचा आकडा कमी नसून बराच वाढलेला असतो. दहा हजारांच्या वर गेला तर धोका अधिक मानतात. नेहमीच्या प्रकारात मात्र रक्तात पेशी इतक्या थोड्या असू शकतात की शोधाव्या लागतात. सोबत प्रोथ्रॉम्बिन टाइम, एपीटीटी, फायब्रिनोजेन व डी-डायमर पाहिल्यास रक्त गोठण्याच्या यंत्रणेची दशा कळते.

एवढा संशय आला की वैद्याचे निदानकार्य संपते आणि धावपळ सुरू होते. पुढील तपासण्या मोठ्या केंद्रात होतात. फ्लो सायटोमेट्रीत या पेशी बहुधा सीडी ३४ व एचएलए-डीआर या दोन्ही खुणांविना दिसतात. नक्की निदान मात्र जनुकीयच : गुणसूत्रांचा नकाशा, चमकत्या रंगखुणांनी जोड दाखविणारी ‘फिश’ तपासणी आणि जोडजनुकाचा संदेश शोधणारी आरटी-पीसीआर. यांत आरटी-पीसीआरचे महत्त्व दुहेरी आहे, कारण उपशमानंतर शरीरात रोगाचा अंश उरला आहे काय, हे पुढे त्यानेच पाहतात.

सदर लेखात ज्या दुर्मीळ उपप्रकाराकडे लक्ष वेधावयाचे, तो येथेच भेटतो. एपीएलसारखे दिसणाऱ्या फार थोड्या रुग्णांत आरएआरए जनुक पीएमएलशी न जुळता दुसऱ्याच जनुकाशी जुळलेले असते. त्यांतील प्रमुख अकराव्या गुणसूत्रावरील झेडबीटीबी १६, पूर्वीचे नाव पीएलझेडएफ. याचे प्रमाण शेकड्यात एखादाच रुग्ण इतके अल्प. केंद्रक गोलसर व नीटस, आउअर रॉड बहुधा नाहीत. बाह्यतः रोग तोच, रक्तस्रावही तसाच. परंतु नेहमीची औषधे त्यावर चालत नाहीत. का चालत नाहीत, हे समजण्यासाठी चिकित्सेचा इतिहास पाहावा लागतो, आणि तो आपल्या रसशास्त्राच्या अगदी दाराशी येऊन उभा राहतो.

शांघाय येथील वांग झेन्यी यांनी १९८५ साली पाच वर्षांच्या एका मुलीस अ जीवनसत्त्वापासून मिळणारे ऑल-ट्रान्स रेटिनॉइक अम्ल, म्हणजे आट्रा, मुखाने दिले व ती वाचली. १९८८ मध्ये २४ रुग्णांचा वृत्तांत ‘ब्लड’ या नियतकालिकात आला. हे औषध पेशी मारीत नाही, अडकलेली पेशी पुढे पिकविते. आम व पक्व या आपल्या कल्पनेची आठवण येणे साहजिक आहे, आम्हालाही आली. पण साम्य म्हणजे प्रमाण नव्हे, एवढे म्हणून थांबतो.

दुसरे औषध सोमल. चीनच्या ईशान्येकडील हार्बिन येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी एका लोकप्रचलित योगात सोमल, रसकापूरवर्गीय पारदलवण व भेकाचे विष होते. त्याचे इंजेक्शन करून झांग टिंगडाँग व सहकाऱ्यांनी रुग्णांत वापरले, मग एकेक घटक वगळत नेला आणि गुण सोमलाचा, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइडचा आहे, असे ठरविले. सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकेने पुनरावृत्त एपीएलसाठी त्यास मान्यता दिली. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९९८ पासून नव्या रुग्णांस केवळ हे एकच औषध देण्यात आले. १९९८ ते २००४ मधील ७२ रुग्णांचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ८६ टक्के रुग्णांत पूर्ण उपशम मिळाला. महाग चिकित्सा न परवडणाऱ्या भारतीय रुग्णांसाठी हे काम मोलाचे ठरले. पुढे २०१३ मध्ये इटलीतील लो-कोको यांच्या गटाने आट्रा व आर्सेनिक एकत्र देऊन, पांढऱ्या पेशी दहा हजारांपर्यंत असलेल्या रुग्णांत दोन वर्षांअखेर ९७ टक्क्यांत रोग दूर राहिल्याचे दाखविले. त्याच वर्षी चिनी वैद्यकांनी मनःशिला व नील यांसह चार द्रव्यांच्या मुखावाटे घ्यावयाच्या योगाची तुलना आर्सेनिकच्या शिरेवाटे दिलेल्या औषधाशी केली. गुण तुल्य आढळला.

रसरत्नसमुच्चयात हरताळ व मनःशिला उपरसांत आणि गौरीपाषाण साधारण रसांत मोजले आहेत. मल्लसिंदूर, समीरपन्नग, रसमाणिक्य आपल्या कपाटात आहेत. तेव्हा हा वृत्तांत वाचून छाती फुगणे स्वाभाविक आहे. परंतु आर्सेनिक येथे का चालते? ते जोडप्रथिनाच्या पीएमएल या भागाला चिकटते आणि ते प्रथिन नष्ट होते. पीएमएल नसेल तर चिकटावयास जागाच नाही. म्हणूनच झेडबीटीबी १६ च्या उपप्रकारात आर्सेनिक निष्प्रभ, आणि आट्रालाही तो प्रकार दाद देत नाही. इतर रक्तकर्करोगांत सोमल द्यावा असा आधार तर याहून नाहीच. ‘सोमलाने ब्लड कॅन्सर बरा होतो’ हे वाक्य म्हणूनच चुकीचे आहे. सोमलाने बरा होतो तो एक विशिष्ट जोड असलेला रोग, आणि ती जोड आहे की नाही हे नाडीपरीक्षेने अथवा स्मिअरनेही ठरत नाही.

रुग्णालयात हे औषध किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे पन्नास किलोच्या माणसास दिवसाला साडेसात मिलिग्रॅम, या मापाने देतात. रोज ईसीजी व पोटॅशियम-मॅग्नेशियमवर लक्ष असते, कारण हृदयाच्या गतीत घातक विकृती होऊ शकते. पेशी एकदम पिकू लागल्या की ज्वर, श्वास, सूज व वजनवाढ असा एक उपद्रव उद्भवतो. त्यावर तत्काळ डेक्सामेथासोन द्यावे लागते. प्लेटलेट तीस ते पन्नास हजारांवर व फायब्रिनोजेन शंभर ते दीडशेच्या वर राखण्यासाठी रक्तघटक वारंवार चढवावे लागतात. समीरपन्नगाच्या एका गुंजेत विद्राव्य आर्सेनिक किती, हे आपल्यापैकी कोण सांगू शकेल? म्हणून या रुग्णास कोणताही मल्लयोग देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. यात शास्त्राचा कमीपणा नाही. मात्रा आणि काल न जाणता विष योजू नये, हे आपलेच शास्त्र सांगते.

आता पाठविण्याविषयी. नातेवाईक लगेच ‘टाटाला नेऊ’ म्हणतात आणि रात्रीच्या लातूर एक्स्प्रेसचे अथवा नांदेडहून देवगिरीचे तिकीट काढू लागतात. मुंबईचे टाटा रुग्णालय व खारघरचे केंद्र यांच्या योग्यतेविषयी प्रश्नच नाही. परंतु प्लेटलेट दहा हजार असताना रात्रभर रेल्वेच्या डब्यात बसवणे धोक्याचे आहे. आधी जवळचे ठिकाण गाठावे : नांदेडकरांस विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरकरांस विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था अथवा विवेकानंद रुग्णालय. निघण्यापूर्वी तेथे दूरध्वनी करून प्लेटलेट, क्रायोप्रेसिपिटेट व आट्राच्या कॅप्सूल यांची विचारणा करावी. संशय बळावताच, जनुकीय अहवालाची वाट न पाहता, आट्रा सुरू करावे असा रक्तविकारतज्ज्ञांचा जगभरचा प्रघात आहे; अहवाल विरुद्ध आला तर ते थांबविता येते. आपल्या उपशयाच्या विचाराशी ही रीत मिळतीजुळती आहे, मात्र ती तज्ज्ञाच्या हातून व्हावी. स्थिरावल्यानंतर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय किंवा मुंबई, यांचा निर्णय तेथील डॉक्टर करतील. खर्चाच्या भीतीने घरी परतणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी राजीव गांधी जीवनदायी नावाने २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा नांदेड त्यांत होते, तिची माहिती व शिधापत्रिका सोबत नेण्याची सूचना त्याच क्षणी द्यावी.

त्या स्त्रीनंतर तीन वर्षांनी नांदेडात शिकणारा एक विद्यार्थी आमच्याकडे आला. दाढ काढल्यानंतर रक्त थांबेना, एवढीच तक्रार. दंडावर डाग होते. त्याच सायंकाळी स्मिअर झाला, रात्री दहाला पॅथॉलॉजिस्टचा फोन आला आणि बारा वाजता तो दाखल होता. त्याची जोड पीएमएलचीच निघाली. मागल्या दिवाळीत तो पेढे घेऊन आला. त्याने स्मिअर हा शब्द आता गावातल्या सर्वांना शिकविला आहे.

औषधालयांच्या मालकांसाठी दोन गोष्टी उरतात. सोमल, हरताळ व मनःशिला ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई १’ परिशिष्टात विषारी म्हणून नोंदलेली आहेत. त्यांचे योग वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावेत ही सूचना वेष्टनावर असलीच पाहिजे, आणि चिठ्ठीविना ते देऊ नयेत. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने निषिद्ध आहे, मग ती दुकानाच्या फलकावर असो की यात्रेतल्या पत्रकावर. रक्तस्रावाच्या रुग्णाने आधी कोणता रसकल्प घेतला असेल, तर त्याचे वेष्टन व तुकडी क्रमांक रुग्णासोबत द्यावा. आपल्यावर ठपका येईल या भयाने ते लपविले जाते. परंतु हृदयाच्या गतीवर परिणाम करणारे आर्सेनिक शिरेवाटे सुरू करण्यापूर्वी शरीरात आधी किती गेले आहे, हे तेथील डॉक्टरांना ठाऊक असणे आवश्यक आहे. आमच्या चिकित्सालयात आता मल्लयोगांची नोंदवही वेगळी ठेवली आहे : रुग्णाचे नाव, कल्प, तुकडी, मात्रा, दिवस आणि अखेरच्या रकान्यात त्या दिवशीचे प्लेटलेट.